किती दिलं, कुठं दिलं, कोणत्या वयात दिलं

दोन माणसं समोर आहेत असं समजा. दोघांनाही वयाच्या चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा तोच, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. दोघंही पूर्ण बरे झाले. एकाचे उपचार १९७५ साली झाले आणि त्यात डोक्याला २४ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) रेडिएशन दिलं गेलं. दुसऱ्याचे २००५ साली झाले आणि डोक्याला अजिबात रेडिएशन नव्हतं. आज दोघंही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात: लहानपणी ब्लड कॅन्सर झाला होता, आता पुढं काही धोका आहे का?

या प्रश्नाला एकच उत्तर देणारा माणूस दोघांपैकी एकाची फसवणूक करतो. पहिल्याच्या बाबतीत मेंदूवरच्या आवरणातल्या गाठी, टाळूवरच्या त्वचेचा कर्करोग, थायरॉइड, वाढीचं संप्रेरक असा मोठा पसारा तपासावा लागतो. दुसऱ्याच्या बाबतीत त्यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. त्याचं लक्ष हृदय, हाडं आणि एकाग्रता यांकडे हवं. 'कॅन्सरमधून वाचलेले' अशी सगळ्यांची एकच रांग लावली, की पहिला गाफील राहतो आणि दुसरा उगाच धास्तावतो. उशिरा उद्भवणारे बहुतेक त्रास आजारामुळे येत नाहीत, ते उपचारांमुळे येतात. म्हणून त्यांचा माग घ्यायचा तर जुनी फाईल उघडून कोणतं औषध, किती, शरीराच्या कोणत्या भागाला आणि कोणत्या वयात दिलं एवढंच बघायचं.

डोक्याला रेडिएशन का दिलं जात होतं, हे कळल्याशिवाय त्या काळातल्या डॉक्टरांना दोष देणं सोपं असतं. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध वापरून मुलांचा ल्युकेमिया काही काळ मागे हटवता येतो हे दाखवलं. पण तो परत यायचा. पुढं औषधं वाढली, रक्त आणि बोन मॅरो साफ होऊ लागला, तरी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये आजार मेंदूच्या आवरणात उलटायचा, कारण शिरेतून दिलेलं औषध तिथं पुरेसं पोचतच नव्हतं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्या चमूनं १९६०च्या दशकात औषधांच्या जोडीला डोक्याला २४ ग्रे रेडिएशन आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध द्यायला सुरुवात केली, आणि एएलएलची सुमारे निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. तोवर हा आजार म्हणजे जवळपास मृत्यूच होता. वीस वर्षांनी काय होईल याची चिंता करायला आधी मूल वीस वर्षं जगायला हवं होतं.

मग ती मुलं जगली आणि किंमत दिसू लागली. मात्रा २४ वरून १८ ग्रेवर आली, पुढं काही गटांत १२ वर. अखेर मणक्यातली इंजेक्शनं आणि शिरेतून दिलेलं जास्त मात्रेचं मेथोट्रेक्सेट यांच्या जोरावर बहुतेक मुलांचं रेडिएशन पूर्णपणे वगळता आलं. सेंट ज्यूडच्याच २००३ सालच्या अभ्यासात दहा वर्षं आजारमुक्त राहिलेल्यांची तुलना आहे. पुढच्या वीस वर्षांत नवी गाठ होण्याचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत सुमारे २१ टक्के होतं आणि न घेतलेल्यांत १ टक्क्याच्या आत.

या २१ टक्क्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण बरेच जण हा आकडा वाचूनच हादरतात. त्यात सौम्य गाठीही धरलेल्या आहेत. तिथल्याच २००७च्या मोठ्या पाहणीत तीस वर्षांत नव्या गाठींचं एकूण प्रमाण १०.८५ टक्के निघालं. पण मेनिन्जिओमा (मेंदूवरच्या आवरणातली गाठ) आणि बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कर्करोग) हे दोन प्रकार वगळले, की ते ३.९९ टक्क्यांवर उतरलं. हे दोन्ही प्रकार बहुधा सावकाश वाढतात आणि वेळेत सापडले तर काढून टाकता येतात. त्रासदायक नक्कीच असतात, पण 'दुसरा कर्करोग' म्हटल्यावर मनात जे उभं राहतं ते हे नव्हे.

रेडिएशननंतरच्या मेंदूच्या गाठी दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांनी येतात. ग्लिओमा, म्हणजे खुद्द मेंदूच्या आतली गाठ, लवकर येतो, साधारण पाच ते दहा वर्षांत, आणि तो वाईट असतो. मेनिन्जिओमा वीस-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त थांबून येतो. म्हणजे चौथ्या वर्षी रेडिएशन घेतलेल्या मुलाला ग्लिओमाचा धोका शाळेत असताना असतो, आणि मेनिन्जिओमाचा तेव्हा, जेव्हा तो स्वतः आईबाप झालेला असतो आणि लहानपणच्या डॉक्टरांशी त्याचा संबंध सुटून जमाना झालेला असतो. रोज सकाळी उठल्यावर होणारी आणि दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, नव्यानं येणारी फिट, एका बाजूच्या हातापायातला अशक्तपणा, नजरेतला बदल, स्वभावात पडलेला फरक, यांपैकी काहीही दिसलं तर 'टेन्शन असेल' म्हणून वेदनाशामक घेत बसू नये. अशा माणसाचा एमआरआय करायचा उंबरठा इतरांपेक्षा खाली असायला हवा. लक्षणं नसताना ठरावीक काळानं एमआरआय करावा का, यावर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही. सर्वमान्य गोष्ट एवढीच की दरवर्षी नीट विचारपूस आणि मज्जासंस्थेची तपासणी व्हावी. माझा कल असा, की हा निर्णय रुग्णाच्या स्वभावावर सोडावा. चार मिलिमीटरची निरुपद्रवी सावली सापडल्यावर ज्याची झोप उडणार आहे, त्यानं लक्षणांवर नजर ठेवणं बरं.

सगळ्यांना सारखंच रेडिएशन मिळूनही काहींनाच गाठ का झाली, याचा एक धागा १९९९ साली हाती लागला. मर्कॅप्टोप्युरिन हे गोळीचं औषध शरीरात मोडायला टीपीएमटी नावाचं एन्झाइम लागतं. काही जणांत ते जन्मतःच कमी काम करतं. अशा मुलांच्या पेशींत औषधाचं सक्रिय रूप साठत जातं, आणि रेडिएशनच्या काळातच हे औषध जोरात चालू असेल तर डीएनएची डागडुजी बिघडते. मेंदूच्या गाठी झालेली मुलं या गटात जास्त निघाली. आज अनेक ठिकाणी गोळ्या सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि त्याच्या जोडीला एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी करतात. तिचा मूळ हेतू पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू नयेत हा आहे.

डोक्याचं रेडिएशन फक्त मेंदूपुरतं राहत नाही. किरणांच्या वाटेत टाळू येते, कानामागची त्वचा येते, कानापुढची लाळग्रंथी येते, आणि थोडेफार विखुरलेले किरण गळ्यातल्या थायरॉइडपर्यंत जातात. टाळूची तपासणी कशी करायची हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. केस ओले करून कंगव्यानं कपाळापासून मानेपर्यंत बोटभर अंतरावर भांग पाडत जायचं, आणि प्रत्येक भांगात दुसऱ्या माणसानं चांगल्या उजेडात बघायचं. मोत्यासारखी चकचकीत बारीक गाठ, मधोमध खळगा असलेला फोड, खपली धरून निघून पुन्हा धरणारी आणि महिनाभरात न भरलेली जखम यांपैकी काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून, मधल्या काळात घरी. कानाच्या पाळीपुढं किंवा जबड्याच्या कोनाशी न दुखणारी गाठ हाताला लागली तर ती 'दाढेची सूज' समजू नये.

थायरॉइडचं गणित थोडं उलटं आहे. मात्रा वाढेल तसा कर्करोगाचा धोका वाढत जातो, पण साधारण २० ते ३० ग्रेच्या पुढं तो उतरायला लागतो, कारण तेवढ्या मात्रेत पेशी बिघडण्याऐवजी मरूनच जातात. म्हणजे थोड्या मात्रेला कमी लेखून चालत नाही. गळा हातानं नीट चाचपून बघणं ही दरवर्षीची किमान तपासणी. सोनोग्राफीत गाठी जास्त सापडतात हे खरं, पण त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात आणि सुई टोचण्यापासून ऑपरेशनपर्यंतची साखळी विनाकारण सुरू होऊ शकते. सोनोग्राफीचे फायदे-तोटे आधी बोलून मगच ती करावी.

आता औषधांमुळे होणारा दुसरा ल्युकेमिया. हा विषय बारकाईनं समजून घेण्यासारखा आहे, कारण यात औषधाइतकंच वेळापत्रकही गुन्हेगार निघालं.

पेशी विभागताना डीएनएच्या लांबलचक धाग्याला पीळ बसतो. तो सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-२ हे एन्झाइम धागा कापतं, दुसरा धागा त्यातून पार करतं आणि कापलेली टोकं पुन्हा जोडतं. इटोपोसाइड, टेनिपोसाइड ही औषधं नेमकी या जोडण्याच्या क्षणी आडवी येतात. टोकं मोकळी राहतात, पेशी मरते. पण एखादी पेशी मरत नाही आणि तिची टोकं भलत्याच ठिकाणी जोडली जातात. अकराव्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए हे जनुक अशा चुकीच्या जोडणीचं आवडतं ठिकाण आहे. त्यातून मायलॉइड जातीचा ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, उभा राहतो आणि तोही फार लवकर, बहुधा एक ते तीन वर्षांत, आधी कसलीही चाहूल न देता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधं आठवड्यातून एकदा किंवा दोनदा दीर्घकाळ दिलेल्या मुलांमध्ये सहा वर्षांत सुमारे १२ टक्क्यांना दुसरा ल्युकेमिया झाला. ज्यांना ती दिलीच नव्हती, फक्त सुरुवातीला दिली होती किंवा दोन आठवड्यांच्या अंतरानं दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिलं. एएलएलच्या नेहमीच्या उपचारांतून ही औषधं मागे पडली त्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे.

सायक्लोफॉस्फमाइडसारख्या अल्किलेटिंग औषधांची चाल वेगळी. ती डीएनएला थेट चिकटतात. त्यातून होणारा बिघाड साधारण चार ते दहा वर्षांनी वर येतो, त्यात पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो, आणि बऱ्याचदा आधी काही महिने रक्तपेशी हळूहळू घटत जातात: हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट कमी होतात, लाल पेशींचा आकार वाढतो. एएलएलच्या आजच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका कमीच आहे. दोन्ही प्रकारांचा काळ मिळून पहिली दहा वर्षं. त्यानंतर हे भय जवळजवळ सरतं, नेमकं तेव्हा, जेव्हा रेडिएशनच्या गाठींचं भय वाढायला लागतं.

इथं एक चूक होऊ शकते आणि ती महागात पडते. उपचार संपून दीड वर्ष झालेल्या मुलाच्या रक्तात ब्लास्ट, म्हणजे अपक्व, पेशी दिसल्या, की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो, 'उलटला'. उलटला असेलही. पण तो जुनाच आजार आहे की नवा, हे ठरवल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत. फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीनं, पेशी लिम्फॉइड की मायलॉइड ते कळतं. गुणसूत्रांच्या तपासणीत पहिल्या वेळचे बदल आहेत की केएमटी२एसारखे नवेच, ते दिसतं. आणि पहिल्या आजाराच्या पेशींतली इम्युनोग्लोब्युलिन किंवा टी-सेल रिसेप्टर जनुकांची विशिष्ट रचना नव्या पेशींत सापडते का, यावर वंशावळ पक्की होते. उलटलेल्या एएलएलला औषधांच्या नव्या फेऱ्या, ब्लिनाटुमोमॅब, कार-टी असे प्रतिकारशक्तीला आजारावर सोडणारे उपचार, असे मार्ग असतात; औषधजन्य एएमएलमध्ये बहुधा बोन मॅरो प्रत्यारोपणापर्यंत जावं लागतं. म्हणून पहिल्या वेळचा गुणसूत्रांचा रिपोर्ट जपून ठेवायचा.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असू शकते. ल्युकेमियाच्या पेशींत ४६ ऐवजी ३२ ते ३९ गुणसूत्रं असतील तर त्याला लो हायपोडिप्लॉइड म्हणतात. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांत टीपी५३ या जनुकातला दोष फक्त ल्युकेमियात नसतो, तो जन्मतः सगळ्या शरीरात असतो. याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. या घरात दुसरा कर्करोग उपचारांशिवायही होऊ शकतो, आणि रेडिएशन शक्य तितकं टाळणं हा तिथला पहिला नियम. तपासणीसाठी शक्यतो त्वचेच्या पेशी घेतात, कारण आजार असताना रक्तात ल्युकेमियाच्याच पेशी मिसळलेल्या असतात. दोष सापडला तर भावंडांचा आणि आईवडिलांचाही प्रश्न उभा राहतो. तो अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही.

ज्यांचं प्रत्यारोपण झालं आणि त्याआधी सर्वांगाला रेडिएशन दिलं गेलं, त्यांचं पान निराळं लिहावं लागतं. ही मात्रा सहसा १२ ग्रेच्या आसपास असते, तीन-चार दिवसांत तुकड्यातुकड्यानं दिलेली. बारा म्हणजे चोवीसच्या निम्मे असं वाटतं, पण हे सर्वांगाला आहे: छाती, आतडी, थायरॉइड, डोळ्यांची भिंगं, बीजकोष, सगळ्यांना. छातीला १० ग्रे किंवा अधिक मिळालेल्या मुलींसाठी अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपची मार्गदर्शक तत्त्वं स्तनांची वार्षिक तपासणी पंचविसाव्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून करायला सांगतात, आणि तीही मॅमोग्रामच्या जोडीला एमआरआयनं. आतड्यांसाठी तिसाव्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर पाच वर्षांनी, जे नंतर येईल ते. दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी किंवा दर तीन वर्षांनी शौचाची चाचणी. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींनी शरीरावर दीर्घकाळ हल्ला केला असेल, म्हणजे क्रॉनिक जीव्हीएचडी झालेला असेल, तर तोंडाच्या आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही जमेस धरायचा. अशा माणसाच्या तोंडातला न भरणारा पांढरा किंवा लाल चट्टा दंतवैद्यानं पाहून सोडून देऊ नये.

दुसरा कर्करोग हा शब्द एवढा मोठा आहे, की त्याच्या सावलीत हृदय दिसत नाही. डोनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन, ती लाल रंगाची औषधं, हृदयाच्या स्नायूंच्या पेशी कायमच्या कमी करून जातात. लहानपणी हे जाणवत नाही. मुलगा खेळतो, पळतो, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल येतो. शरीर वाढतं, हृदयावरचा भार वाढतो, पेशी मात्र तेवढ्याच. मग विशीत, तिशीत, गरोदरपणात किंवा रक्तदाब वाढल्यावर दम लागायला सुरुवात होते. मुलींना आणि पाच वर्षांच्या आत ही औषधं मिळालेल्यांना धोका जास्त.

इथं हिशेब करून दाखवतो, कारण फायलींमध्ये घोळ बहुधा इथंच होतो. औषधाची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. मूल १०० सेंटिमीटर आणि १६ किलो असेल तर १६०० भागिले ३६०० म्हणजे ०.४४, वर्गमूळ ०.६७ चौरस मीटर. चौरस मीटरमागे ३० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात सिरिंजमध्ये २० मिलिग्रॅम. असे डोनोरुबिसिनचे चार डोस आणि पुढं डॉक्सोरुबिसिनचे चार डोस दिले. नर्सिंगच्या कागदांवर बेरीज १६० मिलिग्रॅम दिसेल. पण धोका मोजायचा तो चौरस मीटरमागे, म्हणजे १२० अधिक १२०, एकूण २४०. त्यातही डोनोरुबिसिन हृदयाला साधारण निम्मंच बाधतं असं आता मानतात, म्हणून त्याचे ६० धरायचे. डॉक्सोरुबिसिनच्या मापात एकूण १८०. नव्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार १०० ते २५० हा मध्यम धोका, दर पाच वर्षांनी इको. २५० किंवा त्याहून जास्त असेल तर दर दोन वर्षांनी. शंभराच्या आत आणि छातीला रेडिएशन नसेल तर नेमानं इको करत राहण्याची गरज नाही.

आता याच मुलाचा आजार उलटला आणि दुसऱ्या उपचारांत मायटोझॅन्ट्रोनचे चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅमचे दोन डोस मिळाले असं धरा. आकडा छोटा दिसतो, वीस. पण हे औषध दहापटीनं मोजतात. वीसचे झाले दोनशे, आणि एकूण पोचलं ३८० वर. एका छोट्या नोंदीमुळे माणूस एका गटातून दुसऱ्यात गेला, आणि ती नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या फाईलमध्ये असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

डेक्सराझॉक्सेन हे हृदय जपणारं औषध या औषधांच्या आधी देतात. त्यानंच दुसरा ल्युकेमिया होईल अशी शंका मधे होती, ती पुढच्या अभ्यासांत फारशी टिकली नाही. ते दिलं असेल तर त्याचीही नोंद ठेवावी. आणि इकोइतकंच महत्त्वाचं, तरी कुणी मनावर न घेणारं काम म्हणजे रक्तदाब. ही औषधं घेतलेल्या माणसाच्या रक्तदाबाकडे काणाडोळा परवडत नाही. गरोदरपणाचा बेत असेल तर इको आधीच करून घ्यावा आणि प्रसूतितज्ज्ञाला औषधांचा एकूण आकडा सांगावा.

हाडांचं दुखणं त्यामानानं लवकर येतं. स्टिरॉइडमुळे, विशेषतः डेक्सामेथासोनमुळे, हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. दहा वर्षांपुढच्या मुलांत हे जास्त होतं, आणि बहुतेक वेळा उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. खुबा बिघडलेला असतो आणि मूल दाखवतं जांघ किंवा गुडघा. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो चांगला येतो, आणि 'वाढीचं दुखणं' म्हणून बोळवण होते. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही चांगलाच येतो. खरं काय ते एमआरआय सांगतो. तेच डेक्सामेथासोन सलग तीन आठवडे देण्याऐवजी एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं आणि पुन्हा एक आठवडा द्यायचं, एवढ्या बदलानं हा त्रास मोठ्या मुलांत कमी झाला.

मेथोट्रेक्सेट आणि मणक्यातली इंजेक्शनं यांचा मेंदूवर होणारा परिणाम रेडिएशनपेक्षा बराच सौम्य असतो, पण असतो. बुद्धी जात नाही, वेग जातो. मूल धडा समजून घेतं, पण उतरवून घ्यायला वेळ लागतो, तोंडी हिशेबात आकडे डोक्यात धरून ठेवता येत नाहीत, दोन कामं एकदम सांगितली की एक गळतं. पहिली-दुसरीत हे कुणाला दिसत नाही. अभ्यास लांबलचक झाला की दिसतं, तोवर उपचार संपून चार वर्षं झालेली असतात आणि शिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. मानसतज्ज्ञाकडून एकदा उपचार संपल्यावर आणि पुन्हा शाळेच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर चाचणी करून घ्यावी. परीक्षेत जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, छापील टिपणं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. शिकवणी वाढवून पडत नाही.

बाकीचं थोडक्यात. व्हिन्क्रिस्टीनमुळे पावलं लोंबतात, ती बहुतेक वेळा सुधारतात. पाच वर्षांच्या आत केमो झालेल्यांच्या पक्क्या दातांची मुळं आखूड राहू शकतात, म्हणून तारा लावण्याआधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढावा. डोक्याला १८ ग्रे किंवा अधिक मिळालेल्यांची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी आलेखावर मांडत जावं. नेहमीच्या मात्रेत सायक्लोफॉस्फमाइड मिळालेल्या बहुतेकांना मूल होण्यात अडचण येत नाही. वृषणांना किंवा सर्वांगाला रेडिएशन झालं असेल तर गोष्ट वेगळी. केमोनं लहानपणच्या लसींचं बळ कमी होतं, तेव्हा राहिलेल्या आणि वाढीव लसी कधी घ्यायच्या ते विचारून घ्यावं. एचपीव्हीची लस वयात बसत असेल तर पूर्ण तीन डोसांची घ्यावी. तंबाखू कोणत्याही रूपात नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा आकडा नेहमी फिरत असतो: बालपणी कर्करोग झालेल्यांपैकी ७३ टक्क्यांना तीस वर्षांत निदान एक तरी जुनाट आजार. आकडा खरा आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेला. पण ते सगळ्या प्रकारच्या कर्करोगांचे रुग्ण होते आणि १९७० ते १९८६ या काळात त्यांचं निदान झालं होतं. आज मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाच्या आईनं तो स्वतःच्या मुलाला लावून बघू नये.

उपचार संपताना रुग्णालयाकडून एक पान मागून घ्यायचं, आणि मिळत नसेल तर हट्टानं मागायचं. त्यावर आजाराचा नेमका प्रकार आणि गुणसूत्रांचा निकाल, निदानाची आणि उपचार संपल्याची तारीख, प्रत्येक केमोच्या औषधाचं नाव, लाल औषधांची, सायक्लोफॉस्फमाइडची आणि इटोपोसाइडची चौरस मीटरमागची एकूण मात्रा, मणक्यातून काय दिलं, रेडिएशन दिलं असल्यास कुठं, किती ग्रे, किती तुकड्यांत आणि कोणत्या वयात, प्रत्यारोपण झालं का, आणि उपचारांदरम्यानची मोठी संकटं: मेंदूतली गुठळी, स्वादुपिंडाची सूज, फिट. डिस्चार्जच्या पन्नास कागदांचा गठ्ठा या पानाची जागा घेऊ शकत नाही. गठ्ठा तयार असतो, पान कुणीतरी बसून काढावं लागतं. ते उपचार चालू असतानाच्या डॉक्टरांकडून काढून घेणं सोपं, वीस वर्षांनी अभिलेखागारातून काढणं कठीण.

आणि ते पान मुलाच्या हातात पडायला हवं. २००२ साली बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्या प्रौढांना विचारलं, तेव्हा झालेल्या उपचारांमुळे पुढं गंभीर त्रास होऊ शकतो हे फक्त ३५ टक्क्यांना माहीत होतं. आईवडील सांगत नाहीत, त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. चौथ्या वर्षी आजार झालेल्याला काही आठवत नाही, मग आठवण कशाला करून द्यायची? पण तिशीतल्या माणसाचं डोकं दुखायला लागेल तेव्हा त्याच्या समोरचा डॉक्टर त्याला विचारणार, 'पूर्वी काही आजार?' आणि तो म्हणणार, 'लहानपणी रक्ताचं काहीतरी झालं होतं.' आठव्या-दहाव्या वर्षी आजाराचं नाव सांगावं. तेरा-चौदाव्या वर्षी डॉक्टरांच्या खोलीत काही वेळ त्याला एकट्याला बसू द्यावं. अठराव्या वर्षी पानाचा फोटो त्याच्या फोनमध्ये असावा आणि त्यातली प्रत्येक ओळ त्याला एकदा तरी मोठ्यानं वाचून, अर्थासकट सांगता यायला हवी.